हिवाळी पाहुणे आणि आपली पाणथळ जागा

नाताळचे गोठे सजवण्याची लगबग सुरू होते, वसईच्या वाड्यांतून पहाटेचे धुके रेंगाळू लागते, त्याच सुमारास आपल्या खाड्या, मिठागरे आणि समुद्रकिनारे पाहुण्यांनी भरून गेलेले असतात. हे पाहुणे हजारो किलोमीटरांचा प्रवास करून आलेले असतात. त्यांच्या येण्याची वर्दी आपणांस कोणी देत नाही. लोकलच्या खिडकीतून नायगाव-भाईंदरची खाडी ओलांडताना चिखलावर काही पांढरे, काही करडे ठिपके दिसतात. आपण ते पाहतो आणि पुन्हा आपल्या विचारांत गढून जातो. हे ठिपके कोण आहेत, ते कोठून आले, येथेच का आले आणि त्यांना पाहावयाचे असल्यास केव्हा व कसे जावे, याची थोडी ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

पक्षी का येतात?

थंडी सोसवत नाही म्हणून पक्षी दक्षिणेकडे येतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पिसांचे पांघरूण असलेल्या पक्ष्याला थंडी बऱ्याच अंशी सोसता येते. उपासमार मात्र सोसता येत नाही. सैबेरिया, मध्य आशिया आणि उत्तर ध्रुवालगतच्या प्रदेशात हिवाळ्यात तळी व दलदली गोठतात, जमीन दगडासारखी कठीण होते, किडे व अळ्या दिसेनाशा होतात. दिवस लहान झाल्याने अन्न शोधण्यास वेळही उरत नाही. म्हणून विणीचा हंगाम संपताच हे पक्षी अन्नाच्या शोधात निघतात.

उत्तर ध्रुवापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या त्यांच्या या आकाशमार्गाला मध्य आशियाई उड्डाणमार्ग असे म्हणतात. सुमारे ३० देश या मार्गात येतात आणि भारत त्याच्या अगदी मध्यवर्ती भागात आहे. पक्ष्यांच्या पायात वाळे अडकवून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेने आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर केले. डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ साली सुरू झालेल्या स्थलांतर प्रकल्पाने या अभ्यासाचा पाया घातला.

आपल्या किनाऱ्यावर पहिले पाहुणे ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे पाऊस सरण्यापूर्वीच पोहोचतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यांच्या मुक्कामाचा भर असतो. मार्च-एप्रिलमध्ये ते परतीच्या वाटेला लागतात. त्यांतील छोटा टिलवा हा पक्षी चिमणीएवढाच असतो. त्याचे वजन २५ ग्रॅमच्या आसपास भरते. ध्रुवप्रदेशातील टुंड्रात जन्मलेला हा एवढासा जीव आपल्या मिठागराच्या बांधालगत पळताना पाहिला, की मन थक्क होते.

चिखलाचे वैभव

खाडीचा चिखल पाहून आपण नाक मुरडतो. परंतु वसईच्या कोळी बंधुभगिनींना त्याचे मोल ठाऊक आहे. निवटी, चिंबोरी, खुबे, शिंपल्या, कालवे हे सारे त्या चिखलाचेच दान आहे. उल्हास आणि वैतरणा या नद्या डोंगरातून गाळ व सेंद्रिय द्रव्य वाहून आणतात. कांदळवनाची गळलेली पाने त्यात कुजतात. दिवसातून दोनदा समुद्र आत येतो आणि दोनदा मागे सरतो. या घुसळणीतून चिखलात असंख्य सूक्ष्म शैवाले, कृमी, शंखशिंपले आणि खेकड्यांची पिल्ले वाढतात. आपल्या ताटात जे येते त्याचाच लहान अवतार पक्ष्यांच्या वाट्याला जातो.

एकाच चिखलावर इतके पक्षी भांडल्याविना कसे जेवतात, याचे उत्तर त्यांच्या चोचीत आहे. चिखल्या या पक्ष्याची चोच आखूड असते. तो नजरेने किडा हेरतो, चार पावले धावतो आणि पृष्ठभागावरचे भक्ष्य टिपतो. तुतवाराची चोच मध्यम लांबीची. तो किंचित खाली पोहोचतो. काळ्या शेपटीचा पाणटिवळा आपली लांब सरळ चोच चिखलात खोलवर खुपसतो. कोरल या मोठ्या पक्ष्याची चोच विळ्यासारखी खाली वळलेली असते आणि खेकड्याच्या बिळात ती सहज शिरते. उचाट्याची चोच याच्या उलट, वर वळलेली; ती उथळ पाण्यात डावी-उजवीकडे फिरवून तो बारीक जीव गोळा करतो. थापट्या बदक आपल्या पसरट चोचीने पाणी गाळून घेते. प्रत्येकाचे खाद्य वेगळे, खोली वेगळी आणि पद्धतही वेगळी. एकाच पंगतीत बसून कोणी कोणाच्या पानात हात घालीत नाही.

रोहित पक्ष्यांची कहाणी

मुंबई परिसरात हिवाळी पक्ष्यांचा विषय निघाला, की रोहित अर्थात फ्लेमिंगो यांचे नाव प्रथम येते. ते सैबेरियातून येतात असे अनेकांस वाटते. वास्तविक आपल्याकडे येणाऱ्या रोहितांचे मोठे माहेर गुजरातेतील कच्छचे रण आहे. १९९०च्या दशकात ते शिवडीच्या चिखलाट किनाऱ्यावर मोठ्या संख्येने येऊ लागले आणि पुढे ठाणे खाडीच्या दोन्ही तीरांवर पसरले. हिवाळ्याच्या आरंभी त्यांचे आगमन सुरू होते आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत बरेचसे येथेच असतात. अलीकडच्या वर्षांत त्यांची संख्या लाखाच्या घरात गेल्याच्या नोंदी आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ साली काही रोहितांच्या अंगावर उपग्रहाद्वारे माग देणारी लहान यंत्रे बसवली. तेव्हा त्यांचे गुजरातकडील येणेजाणे स्पष्ट दिसून आले.

रोहितांच्या दोन जाती येथे दिसतात. मोठा रोहित उंच, फिकट, गुलाबी चोचीचा व त्या चोचीचे टोक काळे; लहान रोहित बुटका, अधिक गडद गुलाबी आणि चोच काळपट लाल. दोघेही डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतात आणि चोचीतील गाळणीने सूक्ष्म अन्न वेगळे काढतात. लहान रोहिताचा भर मुख्यतः नीलहरित शैवालावर असतो. या अन्नातील रंगद्रव्यामुळेच त्यांच्या पिसांना गुलाबी छटा येते; पिल्ले जन्मतः करडीच असतात. महानगराच्या सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे खाडीत शैवाल वाढले आणि त्यामुळे रोहितांना अन्न मिळाले, असे अभ्यासक मानतात. ही गोष्ट ऐकून सांडपाण्याचे कौतुक करण्याचे मात्र कारण नाही. प्रदूषण एका मर्यादेपलीकडे गेले, की पाण्यातील प्राणवायू संपतो. मासे मरतात आणि चिखलातील जीवसृष्टीही नष्ट होते.

शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून त्यात कांदळवन व खाडीचे पाणी या दोहोंचा समावेश आहे. २०२२ साली ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या, म्हणजे रामसर यादीत स्थान मिळाले. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातील हे तिसरे रामसर स्थळ होय. ऐरोली येथे कांदळवन कक्षाचे किनारी जैवविविधता केंद्र आहे. तेथून भरतीच्या वेळा पाहून बोटीने खाडीत नेण्याची सोय करण्यात आली आहे.

वसईच्या उंबरठ्यावर

परंतु पक्षी पाहण्यासाठी ठाण्यापर्यंत जावेच लागते असे नाही. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचे मुख, पश्चिमेस अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंतचा किनारा आणि मध्ये खाजणे, तळी, बावखले व मिठागरे, असा आपला प्रदेश आहे.

किनाऱ्यावर कुरव व सुरय यांचे थवे मासेमारी होड्यांभोवती घिरट्या घालताना दिसतात. ओल्या वाळूवर लहान चिखल्या लाटेच्या मागे धावत जातात आणि लाट परतताच पुढे सरकतात. भुईगाव परिसरातील पाणथळीत व नायगाव-उमेळ्याकडील मिठागरांत शेकाट्या आपल्या लांबलचक गुलाबी पायांवर तोल सावरीत उभा असतो. चित्रबलाक, राखी बगळा, काळ्या डोक्याचा शराटी, तलवार बदक, थापट्या यांची तेथे भेट होऊ शकते. उंच बांबूवर कैकर हा मासेखाऊ शिकारी पक्षी बसलेला दिसतो. सारे थवे एकाएकी भर्रकन उडाले, तर आभाळात पाहावे. बहुधा दलदली भोवत्या पाणथळीवरून झेपावत असतो.

हिवाळ्यात बरेच पक्षी आपला विणीच्या काळातील रंगीत पोशाख उतरवून करडा-तपकिरी वेष धारण करतात. त्यामुळे नवख्या निरीक्षकाला सारे सारखेच भासतात. अशा वेळी रंगावर विसंबू नये. पायांचा रंग, चोचीची लांबी व वळण, चालण्याची तऱ्हा आणि उडताना पंखांवर दिसणारी पट्टी या चार गोष्टी पाहाव्यात. पक्ष्यांची मराठी नावे जाणून घेण्यासाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ उपयुक्त आहे.

भरतीचे गणित

खाडीकाठचे पक्षीनिरीक्षण घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर अवलंबून असते. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी इतके लांब पांगतात की दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. पाणी चढू लागले, की ते हळूहळू किनाऱ्याकडे ढकलले जातात. भरती पूर्ण होण्यापूर्वीचे दोन तास म्हणूनच सर्वोत्तम होत. चिखल पाण्याखाली गेला, की हे थवे उडून जवळच्या मिठागरांत व मोकळ्या उथळ तळ्यांत विश्रांती घेतात. तेव्हा चिखलाट किनाऱ्यावर भरतीआधी आणि मिठागरावर भरतीच्या वेळी जावे, हा साधा नियम लक्षात ठेवावा.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत कोकणच्या किनाऱ्यावर रूढ आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणावे आणि चाराने भागावे. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार म्हणजे सहा. त्या दिवशी सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला हाच हिशेब सव्वाअकरापर्यंत येतो. यामागील कारण सोपे आहे. चंद्र दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. रोजचा पाऊण तास धरून हे गणित बसवलेले आहे. वेळ अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होऊ शकते आणि खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते. म्हणून प्रसिद्ध होणारे भरतीचे वेळापत्रक पडताळून पाहणे इष्ट.

या हिशेबाने एकादशी ते त्रयोदशी या तिथींना भरती सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते. अशा तिथीला रविवार आला, तर सकाळच्या मिस्सेनंतर मुलाबाळांसह मिठागराच्या वाटेने फिरून येण्यास तो उत्तम मुहूर्त समजावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची भरती मोठी असल्याने जास्त पक्षी चिखल सोडून मिठागरांकडे येतात. अष्टमीच्या भांगेत पाणी कमी चढते आणि पुष्कळसे पक्षी चिखलावरच राहतात.

सूर्य पाठीशी असावा, हेही ध्यानात ठेवावे. आपला समुद्र पश्चिमेला असल्याने किनाऱ्यावर सकाळ बरी. शिवडीला खाडी पूर्वेस आहे, म्हणून तेथे दुपारनंतरचा उजेड सोयीचा.

काय न्यावे, कसे वागावे?

साधने फारशी लागत नाहीत. ८×४० प्रकारची दुर्बीण पुरेशी होते. यातील ८ हा आकडा पक्षी किती पट जवळ दिसेल ते सांगतो आणि ४० हा पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास असतो. एक वही, पेन्सिल, टोपी, पाणी आणि चिखलात न रुतणारी पादत्राणे सोबत असावीत. कपडे मळकट वा हिरवट रंगाचे असावेत. मिठागर ही कोणाची तरी रोजीरोटी आहे. तेथे काम चालू असल्यास परवानगी घ्यावी आणि ओले बांध तुडवू नयेत.

पक्ष्याला उडवू नये, हा या छंदाचा पहिला नियम आहे. छायाचित्रासाठी कोणी थव्याकडे धावत जातो, कोणी दगड भिरकावतो, कोणी ड्रोन सोडतो. आपणांस ती क्षणाची गंमत वाटते. पक्ष्याच्या दृष्टीने मात्र ते अन्नाचे व शक्तीचे नुकसान असते. परतीच्या दीर्घ प्रवासासाठी त्याला अंगात चरबी साठवायची असते; दिवसातून दहा वेळा विनाकारण उडावे लागले, तर ती साठणार कशी? कुरवांना शेव-गाठ्या चारण्याची प्रथाही थांबवावयास हवी. तळलेले, खारट पदार्थ हे त्यांचे अन्न नव्हे.

दरवर्षी जानेवारी महिन्यात आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ साली सुरू झालेल्या या उपक्रमात स्वयंसेवक ठरावीक पाणथळीवर जाऊन पक्षी मोजतात व नोंदी पाठवतात. एखाद्या धर्मग्रामातील युवकांनी आपल्या जवळचे एक तळे किंवा मिठागर निवडून दरवर्षी त्याच दिवसांत मोजणी केली, तर पाचदहा वर्षांत त्या जागेचा इतिहासच तयार होईल. पुढेमागे त्या जागेवर संकट आले, तर ही वही साक्षीदार म्हणून उभी राहील.

पाहुणे कोठे उतरणार?

हे संकट काल्पनिक नाही. रात्रीच्या अंधारात डंपर येतात, मातीचा भराव पडतो, भरतीचे पाणी आत आणणारी उघाडी बुजते. पाणी अडले, की कांदळवन वाळू लागते. वर्षभरात त्या जागेवर पाणथळ होती याची खूणही उरत नाही. प्रत्येक भराव लहान असतो, म्हणून त्याची बातमी होत नाही.

कायद्याचे संरक्षणही सर्वत्र सारखे नाही. कांदळवनांची स्थिती तुलनेने बरी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८च्या निकालात कांदळवनांचा विनाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला असल्याचे स्पष्ट केले. मात्र केंद्र सरकारच्या २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत मीठ उत्पादनासाठी तयार केलेल्या जागांना स्थान नाही. भरतीच्या वेळी पक्षी जेथे विसावतात, नेमक्या त्याच जागा या नियमांच्या छत्राबाहेर राहिल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतील कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनातील घरांसाठी घेण्यास मान्यता दिली. गरिबाला घर हवेच, याबद्दल दुमत नाही. परंतु भरतीचे पाणी सामावून घेणारी जमीन त्यासाठी खर्ची पडावी काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

शहर आणि पक्षी किती जवळ आले आहेत, याची दुःखद जाणीव २० मे २०२४ रोजी झाली. त्या रात्री घाटकोपर परिसरात उतरणाऱ्या विमानाला रोहितांच्या थव्याची धडक बसली आणि सुमारे ४० पक्षी वस्तीत मरून पडले. आसपासच्या पाणथळी जागच्या जागी राहिल्या, तरच अशा थव्यांना सुरक्षित उतरण्याचे ठिकाण मिळते, असे पर्यावरण अभ्यासक सांगत आले आहेत.

आणि हा प्रश्न केवळ पक्ष्यांचा आहे असे कोणी समजू नये. जुलै २०१८ मधील दिवस वसईकर विसरलेले नाहीत. घराघरांत पाणी शिरले, रेल्वे ठप्प झाली, मिठागरांतील कुटुंबे अडकून पडली. पूर्वी पावसाचे पाणी खाजणांत व मिठागरांत पसरत असे आणि ओहोटीबरोबर समुद्रात जात असे. त्या पसरट ताटाच्या जागी आपण भरावाच्या भिंती उभ्या केल्या. पाण्याने मग आपल्या घरांची वाट धरली. जी जमीन पाणपक्ष्याला विसावा देते, तीच आपल्या विहिरींचे, बागायतीचे आणि उंबरठ्याचे रक्षण करते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी दिलेला लढा आपल्या समाजाच्या स्मरणात आहे. त्या वारशाचे जतन सभांमधील भाषणांनी होणार नाही. आपल्या गावातील पाणथळ कोठे आहे, तिच्यात पाणी कोठून येते, यंदा तेथे किती शेकाटे आले, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तिच्यावरील पहिला भराव दिसतो. तो दिसताच तहसीलदार कार्यालयात लेखी तक्रार करावी. कांदळवन असल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. तारीख व छायाचित्र जपून ठेवावे.

तेव्हा येत्या हिवाळ्यात एक सकाळ या पाहुण्यांसाठी राखून ठेवू या. मुलांना सोबत नेऊ या आणि आजोबांनाही नेऊ या. कारण या खाजणात पूर्वी पाणी कोठवर येत असे, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकणार नाही. मार्च संपता संपता हे पाहुणे उत्तरेला परततील. पुढील सप्टेंबरात त्यांची पिल्ले, ज्यांनी ही भूमी कधी पाहिलेली नाही, तीही याच वाटेने येतील. त्यांना उतरावयास ओली जमीन शिल्लक असेल की नाही, हे मधल्या काळात आपणच ठरवणार आहोत.